खेळातला पदवीधर

आपली मराठी भाषा तशी सोशिक आहे, पण एका शब्दाचा मात्र तिने जन्मभर छळ मांडला आहे. तो शब्द म्हणजे 'खेळ'. एखादं काम बिघडलं की त्याचा खेळखंडोबा होतो. निर्णय चुकला की तो पोरखेळ ठरतो. हरताना कुरकुर केली की रडीचा डाव. स्कूटर जोरात चालवली की जिवाशी खेळ. आणि पंचेचाळिशीच्या गृहस्थाने स्वयंपाकघरात चार भांडी इकडची तिकडे केली की शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, "काय, भातुकली चाललीय वाटतं?"

अशा भाषेत वाढलेल्या आमच्या घरात, गरम वरणभातावर तूप वाढलं जात असताना, आमच्या लेकीने जाहीर केलं, "बाबा, मी बारावीनंतर गेम डिझाइन करणार. युनिव्हर्सिटीत. चार वर्षांचा कोर्स आहे."

तूप वाढणारा हात थांबला. हात हिचा. आमच्या घरी तूप वाढून घेण्याचा अधिकार मला नाही. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आल्यापासून तो काढून घेण्यात आला आहे.

"म्हणजे चार वर्षं खेळायचं?" मी विचारलं.

"खेळायचं नाही रे बाबा. खेळ बनवायचा."

"आणि फी?"

तिने आकडा सांगितला. तुपाची वाटी झाकली गेली.

पुढच्याच रविवारी साडूभाऊ आले. आमचे साडूभाऊ इंजिनिअर आहेत. म्हणजे होते, आता ते इतर इंजिनिअरांच्या मीटिंगा घेतात. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला आणि मराठी मध्यमवर्ग मूल जन्मल्यावर बारशाच्या आधी विचारतो तो प्रश्न विचारला, "पण ह्याला स्कोप काय?"

माझा आजचा हा सारा संताप या तीन अक्षरी नसूनही तीन पिढ्या खाणाऱ्या शब्दाविरुद्ध आहे. स्कोप! दुर्बिणीला असतो, डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीला असतो, आणि तिसरा आमच्या साडूभाऊंकडे. त्यातून त्यांना दुसऱ्यांच्या मुलांचं भविष्य स्वच्छ दिसतं.

मी २००१ साली बी.कॉम. झालो. मला कोणी स्कोप विचारला नाही. बी.कॉम. हे पोळीसारखं असतं. तिची चव कोणी विचारत नाही. ताटात असली म्हणजे झालं. त्या तीन वर्षांत मी भागीदारीची खाती शिकलो. नव्या भागीदाराचा प्रवेश, जुन्याची निवृत्ती आणि तिसऱ्याचा मृत्यू, हे सारं हिशेबासकट पाठ केलं. बँकेत मला वीस वर्षं झाली. माझ्या काउंटरवर आजतागायत एकही भागीदार मेलेला नाही. 'गुडविल'ची किंमत कशी काढायची हे मला येतं. पण तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचं गुडविल कसं राखायचं, हे एफ.वाय.ला नव्हतं, एस.वाय.ला नव्हतं आणि टी.वाय.लाही नव्हतं. आता तर आम्हा कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पाटी नवी, काउंटर तोच.

तेव्हा ज्याची स्वतःची पदवी अशी, त्याने लेकीच्या पदवीला हसावं का? पण हसलो. मध्यमवर्गीय बापाचं ते पहिलं कर्तव्य असतं. पुढे जे घडलं त्यामुळे ते हसू आत गेलं, तेच सांगायला बसलो आहे.

प्रवेशासाठी तिला स्वतः केलेली चार कामं दाखवायची होती. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. त्यात एक खेळ हवा, आणि तो कॉम्प्युटरवर हवा असंही नाही, पुठ्ठ्यावरचा चालतो. पंधरा दिवस घरातली कात्री सापडत नव्हती. मग एका रविवारी तिने आम्हाला चौघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. मी, ही, माझी आई आणि साडूभाऊ. समोर पुठ्ठा. त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेलं, 'पासबुक'.

पट म्हणजे एक बँक होती. तीन काउंटर, टोकनाचा डबा, पंख्याखालचा बाक आणि सहाचं दान पडलं की बंद पडणारं छपाईचं मशीन. जेवणाच्या सुट्टीआधी जो पासबुक भरून बाहेर पडेल, तो जिंकला. मध्ये पत्ते उचलायचे. 'सही जुळत नाही.' 'ही झेरॉक्स चालणार नाही.' 'साहेब आत्ताच खाली गेलेत.' बाकीचे तिघे पोट धरून हसत होते. मी फक्त दात दाखवत होतो.

तिने नियमांचा कागद आमच्या हाती दिला आणि स्वतः वही घेऊन कोपऱ्यात बसली. तिसऱ्या चालीला मी अडकलो. "टोकन आधी घ्यायचं की फॉर्म आधी भरायचा?" मी विचारलं. ती गप्प. "अगं, सांग ना!" तरी गप्प. शेवटी ही म्हणाली, "अगं, एवढं सांगायला काय जातं तुझं?"

"नाही सांगायचं," लेक म्हणाली. "उद्या हा खेळ लोकांच्या घरी गेला, तर मी घरोघरी सांगायला जाणार आहे का?"

खेळ संपला. आई जिंकली. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ती रांगेत उभी राहते. आमच्यात सराव असलेली ती एकटीच. साडूभाऊंनी फाशाला दोष दिला. मी लेकीची वही पाहिली. त्यात लिहिलं होतं, 'बाबा तिसऱ्या चालीला अडकला. नियम चार चुकला.'

"नियम चुकला कसा?" मी म्हटलं. "मीच नीट वाचला नसेन."

"चौघांपैकी तिघं तिथेच अडकलात, बाबा. मग ती खेळणाऱ्याची चूक नसते. नियम पुन्हा लिहावा लागतो."

वाचकहो, हे वाक्य ऐकून मी जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या वीस वर्षं मागे गेलो. आमच्याकडे एक फॉर्म आहे. त्यातला एक रकाना चारांतले तीन लोक चुकवतात. पेन्शनर चुकवतात, प्राध्यापक चुकवतात, एकदा एक वकीलसाहेब चुकले होते. आणि रोज मी जाळीमागून ओरडतो, "अहो काका, वाचून भरा ना!" वीस वर्षांत फॉर्म चुकला असेल असं मला एकदाही वाटलं नाही. मला ते कोणी शिकवलंच नव्हतं. बी.कॉम.ने नियम पाळायला शिकवले, बँकेने ते पाळून घ्यायला शिकवले. नियम ज्याच्यावर पडतो त्याच्या शेजारी वही घेऊन गप्प बसायला मात्र शिकवलं नाही. एका पदवीच्या अभ्यासात ते शिकवतात, आणि तिला आपण 'पोरखेळ' म्हणतो!

तुम्ही म्हणाल, बापाचं काळीज, विरघळलं. विरघळलं खरं, पण मी कारकून आहे, आधी व्हाउचर तपासतो. तिच्याकडून चार पुस्तकं घेतली आणि हिशेब लावला.

लहानपणी, म्हणजे १९९२च्या सुमारास, आमच्या गल्लीत पाच रुपये तासाने टीव्हीवर मारिओ खेळायला मिळायचा. त्यापायी मी वडिलांचा मार खाल्ला आहे. तो खेळ १९८५चा, जपानी. करणारे शिगेरु मियामोतो आणि त्यांचे सहकारी. हे मियामोतो औद्योगिक डिझाइन शिकलेले, कानाझावाच्या कला महाविद्यालयात. आता आठवून पाहा. खेळ सुरू होतो तेव्हा मारिओ पडद्याच्या डाव्या अंगाला उभा असतो, उजवीकडे सगळं मोकळं. कोणी सांगत नाही, तरी जो तो उजवीकडे चालू लागतो. मग समोरून एक चिडक्या चेहऱ्याचा प्राणी डुलत येतो. उडी मारली नाही तर मेलात. पण सुरुवातीलाच मेलात, त्यामुळे नुकसान काही सेकंदांचं. दुसऱ्या खेपेला तुम्ही उडी मारता. एक अक्षर न लिहिता पहिल्याच पडद्यावर अख्खा खेळ शिकवला! आमच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत पाठपोट सूचना असतात आणि तरी माणूस तिसऱ्याच रकान्यात मरतो. पुन्हा सुरुवात करायला मात्र त्याला दुसऱ्या दिवशी यावं लागतं.

उलट उदाहरणही घ्या. १९८२च्या नाताळासाठी अमेरिकेत अटारी कंपनीने 'ई.टी.' सिनेमावर एक खेळ काढला. करणाऱ्याला जेमतेम पाच आठवडे दिले. लोकांना खेळायला देऊन पाहायला वेळ कुठला? लोक खड्ड्यांत पडत राहिले आणि कंटाळून उठले. पुढच्या वर्षी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या एका कचराभूमीत पुरला, आणि २०१४ साली तो खणून बाहेरही काढण्यात आला. खेळ चुकला तर निदान तो पुरता तरी येतो. आमच्या फॉर्मची सोय तशीही नाही.

आणि कॉमर्सवाल्यांनो, आपला 'व्यापार' आठवतो का? मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई विकत घेऊन चुलतभावाला भिकेला लावायचो, तोच. त्याचं मूळ एलिझाबेथ मॅगी नावाच्या एका अमेरिकन बाईकडे जातं. ही बाई स्टेनोग्राफर होती. म्हणजे आमच्याच जातकुळीची. जमिनी मूठभरांच्या हातात गेल्या की भाडेकरूंचं काय होतं, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून तिने एक खेळ रचला आणि १९०४ साली त्याचं पेटंट मिळवलं. पुढे तो बदलत बदलत १९३५ मध्ये 'मोनोपॉली' म्हणून बाजारात आला. तिच्या पेटंटचे तिला पाचशे डॉलर मिळाले, बाकीचं दुसऱ्यांना. आपण काय शिकवायला निघालो आणि लोक काय शिकले, याचा पुरावा एका डावातच तिच्या हाती आला असेल! मक्तेदारी म्हणजे काय, हे मी टी.वाय.ला चाळीस पानांत वाचलं. कळलं होतं ते आधीच, चुलतभावाच्या रडक्या तोंडावरून.

"हे सगळं परदेशी झालं," साडूभाऊ म्हणाले. मग आपला मोक्षपट कुठला? ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला तो सापशिडीचा पट. सद्गुणाची शिडी चढवते, दुर्गुणाचा साप गिळतो. प्रवचनाला डुलक्या घेणारी मंडळी तिथे जागी राहिली असणार. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला. आपण तो देऊन टाकला आणि आता विचारतो, खेळाला स्कोप काय.

बरं, स्कोपच हवा असेल तर तोही घ्या. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ डिजिपेन नावाची संस्था आहे. खेळ बनवायचं पदवी शिक्षण देणाऱ्या पहिल्या संस्थांपैकी ही एक. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००५ साली कॉलेजचं काम म्हणून एक लहानसा खेळ केला. भिंतीला दोन दारं पाडायची, एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. वॉल्व्ह नावाच्या मोठ्या कंपनीने तो पाहिला आणि सगळ्या चमूलाच नोकरीवर घेतलं. त्यातून २००७चा 'पोर्टल' जन्मला, जो आज जगभर नावाजला जातो. शांघायहून अमेरिकेत शिकायला आलेल्या जेनोव्हा चेन नावाच्या मुलाने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रबंध म्हणून खेळच लिहिला. पुढे त्याच्या कंपनीचा 'जर्नी' २०१२ साली आला. त्यात दोन अनोळखी माणसं एकमेकांशी शब्द न बोलता वाळवंट पार करतात, आणि त्याच्या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. इतकं लांब जायचं नसेल तर पुण्यातच थांबा. 'राजी' हा खेळ २०२०चा, इथल्याच एका चमूने केलेला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी त्याची नायिका आहे. सरकारलाही स्कोप दिसलेला आहे. अ‍ॅनिमेशन, गेमिंग वगैरेसाठी मुंबईत राष्ट्रीय केंद्र काढायला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. सरकारला दिसतं ते आमच्या साडूभाऊंना दिसत नाही, असं प्रथमच घडलं.

साडूभाऊंचा शेवटचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "हे गेमिंग म्हणजे जुगार रे. मुलं बरबाद होतात."

होतात. मला ते त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या काउंटरवर एक आई मुलाच्या खात्याचा उतारा घेऊन आली होती. रात्री दोन वाजून दहा मिनिटं, शंभर रुपये. दोन अठरा, दोनशे. दोन सव्वीस, पाचशे. पानामागून पान. "हे काय आहे हो?" तिने विचारलं. मी ते वाचून दाखवू शकलो, समजावू शकलो नाही. पैसे लावून खेळायच्या असल्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि साधे, बिनपैशाचे खेळ मात्र वेगळे मानले. कायद्याला जो फरक कळला तो आपल्या बैठकीच्या खोलीत कळायला हरकत नाही.

आणि तो सापळा कसा बांधतात? स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की बक्षीस दरवेळी न देता अधूनमधून, अवचित दिलं, तर कबुतर चोच मारायचं थांबतच नाही. ते रात्री दोनचं खातं मला तेव्हा कळलं. मुलगा बिघडलेला नव्हता. त्याला कबुतर करून ठेवलं होतं, आणि तेही चांगल्या शिकलेल्या माणसांनी. तेव्हा हा विषय विद्यापीठात नको म्हणायचं, की तिथे उजेडात शिकवा, सापळा कुठला आणि खेळ कुठला ते मुलांकडून वदवून घ्या म्हणायचं? मी दुसऱ्या बाजूला आहे.

याचा अर्थ असा नाही की गेम डिझाइनची पाटी लावलेल्या प्रत्येक दुकानाला मी हार घालतो. काही कॉलेजांची माहितीपत्रकं मी पाहिली. गुळगुळीत कागद, निळाजांभळा उजेड, कानाला हेडफोन लावून हसणारी मुलं आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'. शंभर टक्के हा आकडा पाहिला की कारकुनाने पेन्सिल काढावी. आत चौकशी केली तर चार वर्षं एकाच सॉफ्टवेअरची बटणं दाबायला शिकवतात. त्याला टायपिंग क्लास म्हणावं. बापांनो, फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. चार वर्षांत मूल किती खेळ पुरे करील, आणि ते परके लोक खेळून पाहतील का? शिकवणाऱ्याने स्वतः एखादा खेळ पुरा केला आहे का? चित्रं काढणारी, प्रोग्राम लिहिणारी आणि गोष्ट रचणारी मुलं एकत्र बसून भांडतात का? ही उत्तरं देताना समोरचा गृहस्थ पाणी प्यायला लागला, तर आपण उठावं.

नोकऱ्यांचंही खरं सांगतो. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या मोठमोठ्या गेम कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली. लेकीला ते माहीत आहे; मला तिनेच सांगितलं. पण मी या बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत चौदा कारकून होते. आज चार आहोत. कॉमर्सला स्कोप आहे म्हणणाऱ्यांनी बाकीचे दहा कुठल्या पटावर गेले ते मला दाखवावं.

आता एक गोष्ट, जी मी हिलाही उशिरा सांगितली. पाचेक वर्षांपूर्वी शैक्षणिक कर्जाचे कागद माझ्या टेबलावर येत. एक दिवस एसटीतले एक कंडक्टर मुलाला घेऊन आले. प्रवेशपत्रावर 'गेम डिझाइन' वाचलं आणि मला विनोद सुचला. "खेळायला कर्ज? मग गोट्यांनाही देऊ!" मी मोठ्याने म्हणालो. रांग हसली. मला बरं वाटलं. कंडक्टरसाहेबांनी ते पत्र परत घेतलं, चार घड्या करून खाकी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मुलाला म्हणाले, "चल." पुन्हा आले नाहीत.

कर्जाच्या नियमात मान्यताप्राप्त संस्था हवी, प्रवेश पक्का हवा, पालकाची सही हवी. साधारण साडेसात लाखांपर्यंत तारणही लागत नाही. सगळे रकाने मी पाहिले आहेत. माझ्या विनोदाला त्यात रकाना नव्हता. मी इतके विनोद लिहिले; परत घेता आला तर तेवढा एक घेईन.

गेल्या महिन्यात सहकर्जदार म्हणून सही करायला लेकीबरोबर गेलो. आमची शाखा टाळली, दुसऱ्या शाखेत गेलो. पोर्टलवर अर्ज भरला तरी शेवटी कागद घेऊन काउंटरशी उभं राहावं लागतंच. समोरच्या तरुण कारकुनाने प्रवेशपत्र वाचलं, 'गेम डिझाइन'पाशी थांबला आणि मान वर केली. मी श्वास रोखला. आता तो विनोद येणार. यायलाच हवा होता. माझ्याकडे त्याची उधारी होती.

"काका," तो म्हणाला, "पॅनच्या झेरॉक्सवर सही नाही. सूचना वाचून भरा ना! सही करून पुन्हा रांगेत या."

मी पंख्याखालच्या बाकावर येऊन बसलो. पंखा बंद होता. लेकीने पिशवीतून वही काढली आणि काही न बोलता लिहायला लागली.

"काय लिहितेस?" मी विचारलं.

"बाबा तिसऱ्या काउंटरवर अडकला," ती म्हणाली. "नियम चार."